सोमवारी जागा होणारा कोड

१

लिलाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि लिलाबाईंचे बिबडे अजून विकले जात होते.

ही गोष्ट उघडकीला आणली पुण्यातल्या एका बाईंनी. बाई मूळच्या भुसावळच्या. त्यांनी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पाकीट परत पाठवलं आणि ज्या ऑनलाइन बाजारातून ते मागवलं होतं, त्या बाजाराला कळवलं, की ज्या माउलीच्या नावाने हा माल येतो ती गेल्या ज्येष्ठातच वारली, तर तिच्या नावावर हे कोण विकतंय? बाजारवाल्यांनी तपासलं. जळगावच्या ‘सातपुडा गृहउद्योग’च्या यादीत ही वस्तू वर्षभर शिल्लक शून्य, मध्येच एक, लगेच पुन्हा शून्य, अशी उघडझाप करत होती. त्यांना खोट्या मालाचा वास आला. त्यांनी दुकानाचा सगळाच माल, काळ्या मसाल्यापासून केळीच्या वेफर्सपर्यंत, विक्रीतून उतरवला आणि खुलासा मागितला.

दुकानाचा मालक राजदीप, लिलाबाईंचा मुलगा. त्याने धुळ्याला मामाला फोन लावला.

पितांबरमामा विमा कंपनीचे निवृत्त सर्व्हेअर. उभी हयात जळालेल्या कापसाच्या जिनिंगा आणि विहिरीत ‘आपोआप’ पडलेले ट्रॅक्टर बघण्यात गेलेली. समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की मामा चहा मागवायचे, कारण चहा येईपर्यंत माणूस स्वतःच स्वतःला अडकवून घेतो असा त्यांचा अनुभव होता. पण लिलाबाई त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का. या प्रकरणात चहा मागवूनही घशाखाली उतरेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

पारोळा, एरंडोल मागे टाकत बस जळगावात शिरली, तेव्हा त्यांना उगाच वाटून गेलं, की स्टँडवर अक्का उभी असेल. ती कधीच स्टँडवर यायची नाही. तरी वाटलं.

२

दुकानाच्या दारातल्या बाकावर बन्सीलालनाना बसले होते. अक्काचे यजमान, मामांचे दाजी. स्वच्छ धोतर, टोपी, हातात काठी. कानांनी अलीकडे बराच दगा दिलेला.

“ऊना का पितांबर?” नाना म्हणाले. “बस. तो फोन बिघडी गया शे. परवापासून बोलतच नही.”

“नेट गेलंय नाना,” राजदीप मोठ्याने म्हणाला, आणि मामाचा हात धरून त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे त्याचा आवाज एकदम खाली आला. “नानांच्या कानावर यातलं काही घालायचं नाही मामा. आईचा विषय आम्ही त्यांच्यासमोर काढतच नाही. त्यांना सोसवत नाही.”

“बरं. संशय कोणावर?”

राजदीपने काचेच्या पार्टिशनपलीकडे बोट दाखवलं. संगणकासमोर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. मेघा. यावलची, बागेत मजुरी करणाऱ्या आईवडिलांची मुलगी. एम.कॉम. झालेली, गेली काही वर्षं इथलं सगळं ऑनलाइन काम बघणारी.

“कोड सगळे तिच्या ताब्यात. शिल्लक वाढवल्याची नोंद तिच्याच नावाची. बाजारातले कुठलेतरी बिबडे भरून आईच्या नावाने विकत असणार. मी संध्याकाळपर्यंत थांबतो. नाहीतर खुलाशात तिचं नाव लिहून देतो आणि मोकळा होतो.”

“लिहून दिलंस तर तिला पुढे कोण उभं करेल?”

जळगावातली बातमी यावलला पोचायला एसटी लागत नाही, हे राजदीपलाही ठाऊक होतं.

३

मेघाचे डोळे रडून लाल झाले होते, पण बोलताना ती डगमगली नाही. मामांना ते आवडलं.

“मला समजेल असं सांग,” ते म्हणाले.

“काका, आपल्याकडे प्रत्येक वस्तूला एक कोड. बिबड्यांचा सात नंबर. पण आपली वेबसाइट त्याच वस्तूला वेगळा नंबर देते, आणि तिन्ही ऑनलाइन बाजार आपापले वेगळे. एकाच माणसाला माहेरी एक हाक, सासरी दुसरी, तसं. सॉफ्टवेअर या सगळ्यांची गाठ मारून ठेवतं. इथे एक पाकीट कमी झालं की सगळीकडे कमी. इथे एक वाढलं की सगळीकडे वाढतं.”

“आणि अक्का गेल्यावर सात नंबर बंद केला ना?”

“बंद नाही केला.” तिने काचेपलीकडे राजदीपकडे बघितलं. “मी विचारलं होतं, काढून टाकू का? भाऊ म्हणाले, राहू दे, नुसती शिल्लक शून्य कर. त्यांच्याने काढवेना.”

मामांनी मान हलवली. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव खोडायला हात धजावत नाही. रेशनकार्डावरसुद्धा ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तर कोड जिवंत होता, फक्त झोपलेला.

“मग तो जागा कसा झाला?”

“परत मालामुळे. गिऱ्हाइकाने न फोडलेलं पाकीट परत पाठवलं, की ते परत मालात टाकून स्कॅनरखाली धरायचं. शिल्लक एकने वाढते. कोणीतरी सात नंबरचं पाकीट असं धरलंय. एका वेळी एकच. तेवढ्याने कोड सगळ्या बाजारांत जागा होतो. ‘माल आला की कळवा’ म्हणून कितीतरी जणांनी बटण दाबून ठेवलंय, त्यांना निरोप जातो आणि तासाभरात पाकीट उचललं जातं.”

“नोंद तुझ्या नावाची कशी?”

“मशीन दिवसभर माझ्याच नावाने उघडं असतं. स्कॅनर टेबलावर पडलेला. परत माल कधी मी धरते, कधी समाधान, गर्दी असली तर नानासुद्धा. या सगळ्या नोंदी दुपारच्या आहेत, मी डबा खायला वर जाते तेव्हाच्या. आणि काका, सगळ्या सोमवारच्या.”

“ऑर्डर आल्यावर तुला कळलं नाही?”

“फोन दिवसभर बोलतच असतो. ‘नवीन ऑर्डर, केळी वेफर्स. नवीन ऑर्डर, काळा मसाला.’ पहिले पहिले कान द्यायचो. आता कोणीच ऐकत नाही.”

सोमवार म्हटल्यावर मामांनी भुवई उचलली. कारण सोमवारी धुळ्याच्या गोदामातून टेम्पो येतो आणि टेम्पोबरोबर ललित येतो, हे त्यांना माहीत होतं.

४

ललित हा राजदीपचा चुलतभाऊ. धुळ्याचं गोदाम तो सांभाळायचा. मामांनी त्याला फोनवर गाठलं आणि आडवळण न घेता विचारलं.

“मी म्हटलं होतं मामा, खोटं कशाला बोलू,” ललित म्हणाला. “काकूच्या नावावर लोक उड्या टाकतात. म्हटलं, बाजारातून बिबडे घेऊ, त्याच नावाने भरू. राजदीप माझ्यावर असा उखडला की विचारू नका. विषय तिथेच मिटला.”

“आणि तू गुपचूप आणून ठेवलेस.”

“मी आणले असते तर टेम्पो भरून आणले असते. सोमवारी एक पाकीट विकून मला काय मिळणार? आणि होळीनंतरच्या सोमवारी मी चाळीसगावला लग्नात होतो. टेम्पो आलाच नाही. समाधानला विचारा.”

समाधान दुकानाचं पॅकिंग बघायचा. त्याने दुजोरा दिला. मेघाने नोंद काढली. टेम्पो न आलेल्या त्या सोमवारीही सात नंबर जागा झाला होता.

“आणि माल?” मामांनी समाधानला विचारलं. “ऑर्डर आली तेव्हा पाकीट कुठून काढलंस?”

“सात नंबरच्या कप्प्यातून. लेबल निघतं, त्यावर कोड असतो, त्या कप्प्यातलं पाकीट उचलायचं. नाव कोण वाचतं मामा? कप्प्यात पाकीट होतं, मी टाकलं.”

म्हणजे रिकाम्या कप्प्यात कोणीतरी आधी पाकीट ठेवत होतं, मग कोड जागा करत होतं. मागच्या खोलीत घरचं कोणीही ये-जा करतं. ललित सुटला, आणि संशयाचा काटा पुन्हा मेघाकडे वळला. राजदीपने खुलाशाचा मसुदा लिहायला घेतला. टेबलाशी बसलेल्या मेघाला तो दिसत होता.

“ते पुण्याहून परत आलेलं पाकीट आण जरा,” मामा म्हणाले.

५

पाकीट फोडलं आणि तो वास आला. आंबवलेल्या ज्वारीचा, जिऱ्याचा, उन्हाचा. मामा क्षणभर तपास विसरले.

धुळ्याच्या घराची गच्ची. चैत्राचं ऊन. अक्का परकर खोचून खाटेवर पसरलेल्या ओल्या कापडावर बिबडे टाकतेय, शिजवलेल्या पिठाच्या घाट्याचा गोळा घेऊन ओल्या तळव्याने गरगर फिरवतेय. काठी घेऊन कावळे हाकायचं काम पितांबरचं. मजुरी म्हणून अर्धवट सुकलेला बिबडा, वर कच्चं तेल आणि शेंगदाणे. तसलं खाणं मामांना पुन्हा कुठे मिळालं नाही. अक्का लग्न होऊन जळगावला आली आणि ती गच्चीही जणू तिच्या मागोमाग इकडे आली. या दुकानाचा पहिला माल म्हणजे तिचे बिबडे.

त्यांनी एकेक बिबडा उजेडाकडे धरला. बिबडा कापडावर सुकतो, मग कापडाला उलट बाजूने पाणी मारून तो सोडवतात, त्यामुळे त्याच्या पाठीवर कापडाची वीण उमटते. एका बिबड्याच्या पाठीवर विणीशिवाय आणखी काही होतं. बारीक टाक्यांची चौकट.

“पुनम,” मामांनी जिन्याकडे बघत हाक मारली.

राजदीपची बायको पुनम खाली आली. मामांनी बिबडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो बघितला आणि ती तशीच उभी राहिली.

“हे आईंच्या लुगड्याचं ठिगळ आहे,” ती म्हणाली. “निखारा पडून भोक पडलं होतं. त्यांनीच शिवलं. बिबडे त्या त्याच लुगड्यावर टाकायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.”

“ते लुगडं कुठंय आता?”

“दसऱ्याच्या आधी मी गोधडीत घातलं. नणंदेच्या बाळाला दिली.”

राजदीप लिहायचा थांबला. मामा त्याच्याकडे वळले.

“अक्का गेली ज्येष्ठात. पावसाळ्यात बिबडे होत नाहीत. दसऱ्याआधी लुगडं गोधडीत गेलं. म्हणजे या लुगड्यावर शेवटचे बिबडे पडले ते गेल्या चैत्र-वैशाखात, अक्काच्या हातचे. राजदीप, हा माल खोटा नाही. पाकिटावर जे नाव आहे, त्याच बाईने तो केलाय.”

“पण आईंनी भरलेल्या पाकिटांचे डबे तर तेराव्याला वाटून संपवले,” पुनम म्हणाली. “मी स्वतः वाटले.”

“एक राहिला असणार,” मामा म्हणाले. “किंवा कोणीतरी ठेवून घेतला असणार.”

६

आता प्रश्न एवढाच उरला, की ज्याच्याकडे तो डबा आहे, तो असा का वागतोय.

मामा बसून विचार करत राहिले. पैशांसाठी म्हणावं तर आठवड्याला एक पाकीट, तेही दुकानाच्याच खात्यात. लोकांच्या मुखी लागावं म्हणून म्हणावं तर शेजारीपाजारी वाटता आलं असतं, कोड जागा करायची यातायात कशाला? म्हणजे त्या माणसाला विक्री नको होती, त्याला ऑर्डर हवी होती. ऑर्डरीबरोबर असं काय येतं, जे नुसतं पाकीट देऊन टाकल्याने येत नाही?

आणि सोमवारच का?

घरात तिथी पाळतात, वार कोण लक्षात ठेवतो. पण मामांना वार पक्का आठवत होता. जळगावहून फोन आला तेव्हा त्यांच्या पुढ्यात उपासाची खिचडी होती. सोमवार होता. त्यांनी ताटली तशीच सरकवली होती. अक्का सोमवारी, दुपारी गेली.

“मेघा,” त्यांनी विचारलं, “त्या फोनचा आवाज एवढा मोठा कोणी करायला लावला?”

“नानांनी. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून. पुनमवहिनींचं डोकं उठतं, पण नानांसाठी—”

ती बोलता बोलता थांबली.

परवापासून फोन गप्प आहे, हे या सगळ्या गडबडीत दुकानात फक्त एका माणसाच्या लक्षात आलं होतं. बाकी कोणीच ऐकत नव्हतं. मामा उठले. कितीतरी लबाड माणसं त्यांनी पकडली होती, पण कोणाला विचारायला जाणं असं नकोसं कधी वाटलं नव्हतं.

७

ते बाकावर दाजींच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“दाजी, डब्यात किती उरलेत?”

नानांनी मान वळवून बघितलं. दचकले नाहीत. कोणीतरी विचारावं म्हणून थांबल्यासारखे दिसले.

“थोडाच शेतस,” ते म्हणाले. “तुले समजनं.”

“का केलं असं?”

नानांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग हळूहळू बोलले.

“घरमा तिनं नाव कोनी घेत नही पितांबर. माले त्रास व्हई म्हनीसन. पोरगा घेत नही, सून घेत नही. आनि मी तं कधी लिधंच नही. आपलामा बायकोनं नाव घेतस का? सारा जलम ‘राजदीपनी माय’ म्हनीसन हाका मारी. ती असताना तो फोन दिवसभर तिनं नाव घे. ती गयी, आनि तो बी चूप झाया.” त्यांनी डोळे पुसले. “मंग मी एक पाकीट त्या लाल उजेडखाले धरं. थोडा येळमा फोन बोलना, लिलाबाईंचे बिबडे. मी बठेल जागे ऐकं. बस. इतलंच.”

मामांना आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना, की दाजींनी अक्काला कधी नावाने हाक मारली होती. ‘अय’, ‘ऐकस का’, ‘राजदीपनी माय’. त्या पिढीची रीतच ती. लग्नात घेतलं असेल उखाण्यात, तेवढंच.

“दाजी, पण या पाकिटांवरून आळ आलाय,” ते म्हणाले. “मेघावर. राजदीप तिचं नाव लिहून देतोय. ती खोटा माल विकते म्हणून.”

नाना ताठ झाले.

“कोन म्हने? माले कोनी सांगं नही.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.”

नाना काठी टेकत उठले. मामांनी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

८

आत जाऊन नाना मेघाच्या टेबलासमोर उभे राहिले. ती घाईने उठली. राजदीप, पुनम, समाधान सगळे जागच्या जागी थांबले.

“बेटा, चूक बठ्ठी मनी शे,” नाना म्हणाले. “एक नाव ऐकासाठे मी तुनं नाव खराब करं. माले माफ कर.”

त्यांनी हात जोडले, तसे मेघाने ते दोन्ही हातांनी धरून खाली घेतले. “नाना, असं नका करू,” ती म्हणाली, आणि दिवसभर धरून ठेवलेलं रडू तिला तिथे आलं.

राजदीपला काही समजेना. मामांनी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. लुगडं, सोमवार, फोन. ऐकता ऐकता तो खाली बसला. मग उठला, मसुद्याचा कागद फाडला आणि सगळ्यांसमोर मेघाला म्हणाला, “माझं चुकलं. विचारायच्या आधी मी ठरवून टाकलं होतं. तुझ्या घरी कोणी काही बोललं असेल, तर मी स्वतः यावलला येऊन सांगेन.”

“या भाऊ,” मेघा डोळे पुसत म्हणाली. “खरंच या. आई दोन दिवस जेवली नाहीये.”

खुलासा मामांनी सांगितला आणि तिने टाइप केला. माल खरा आहे, बनवणाऱ्या बाईंच्या हातचा आहे, त्यांच्या यजमानांनी ठेवलेल्या डब्यातला आहे, परत मालात त्याची नोंद चुकीची झाली. ही वस्तू कायमची बंद करत आहोत. शेवटच्या वाक्याशी तिची बोटं थबकली.

“हे लिहिलं की सात नंबर काढावा लागेल,” ती म्हणाली. “वेबसाइटवरून, तिन्ही बाजारांतून. मग परत जागा होणार नाही.”

राजदीपने नानांकडे बघितलं. त्याला विचारवेना.

“काढ बेटा,” नाना म्हणाले.

तिने काढला. पडद्यावरची ती ओळ गेली आणि आठ नंबर वर सरकला. बाहेर रिक्षावाले शिवाजीनगर, शिवाजीनगर म्हणून ओरडत होते.

नाना दाराकडे निघाले आणि पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने राजदीप जाऊन त्यांच्या शेजारी बसला. बापलेक शेजारी बसलेले मामांनी कित्येक महिन्यांत बघितले नव्हते. राजदीपने दोनदा घसा खाकरला.

“नाना,” तो त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, “आई बिबडे टाकायची, तेव्हा तुम्ही काय करायचे?”

नानांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सवयीने आधी ‘तुनी माय’ आलं असावं, ते त्यांनी मागे सारलं.

“मी कापडनं दुसरं टोक धरे,” ते म्हणाले. “लिला म्हने, हालू नका.”